नत्थ्या नावाची ढकलगाडी

मित्रांनो, मी रेल्वेची एक जुनी ढकलगाडी आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मलाच शंका वाटते; तरी सांगते.

वऱ्हाडात साहेबाचे राज्य होते तेव्हाची गोष्ट. चार लोखंडी चाके, सागाच्या फळ्या आणि वर एक बाक, एवढीच मी. धामणगावकडचे रूळ तपासायला साहेब माझ्यावर छत्री उघडून बसत आणि दोन गडी रुळांवरून अनवाणी धावत मला ढकलत. गड्यांना नावे पाडण्याची भारी हौस. इंजिनाला ते 'म्हैस' म्हणत, त्यात पाणी सोडणाऱ्या खांबाला 'सोंड्या'. मला ढकलणाऱ्या दोघांपैकी नत्थुजींनी मला 'हरणी' म्हटले. रोज माझ्या चाकांना तेलही तेच घालत. मला फार अभिमान वाटे.

पण नत्थुजी थकत चालले होते. "मागं पडला का घरी बस," असे जमादार सूर्यभानने त्यांना बजावले होते. वैशाखात रूळ तव्यासारखे तापले. त्यांच्या तळव्यांना फोड आले, म्हणून बायकोने, रुख्मिणीने, लुगड्याची पट्टी फाडून पायांना गुंडाळली. उघडा तळवा रुळाला धरून राहतो, कापड घसरते. नत्थुजींना हे ठाऊक होते. पण त्या दिवशी पाय टेकवतच नव्हता.

चढावर ते घसरले. मी मागे आले आणि माझे चाक त्यांच्या पावलावर चढले.

"काहून रे नत्थ्या, लुगडं नेसून धावून राहिला होता का?" सूर्यभान हसला. साहेबांनी घड्याळ पाहिले.

पाऊल कापावे लागले. नोकरी गेली. माझे ते चाक वाकले आणि मी लंगडत चालू लागले. मग गड्यांनी मला नवे नाव दिले: 'नत्थ्या'.

रुख्मिणी फाटकाजवळ वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायला बसे. शेजारी नत्थुजी बसत. एकदा समोरून आगगाडी आली. मला रुळावरून बाजूला काढायचे होते.

"नत्थ्याले बलाव रे, लवकर!" सूर्यभान मुद्दाम ओरडला.

नत्थुजी काठी धरून धडपडत उठले. "आलो जी, जमादार!" त्यांना वाटले, कामावर परत घेतले.

गडी पोट धरधरून हसले. रुख्मिणीने नत्थुजींचा सदरा ओढला. "बसा जी. तुमाले नाई, त्या गाडीले म्हणून राहिले."

ते बसले. पुन्हा कधी त्यांनी मान वर केली नाही.

आता मी गोदामामागे गंजत पडले आहे. परवा दोन नवे गडी म्हणाले, "नत्थ्याले मोडीत काढा आता." नत्थुजी आता नाहीत; फाटकाजवळ रुख्मिणी एकटीच बसली होती. तिने पदराने कान झाकले.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको. मोडायचे तर खुशाल मोडा. फक्त मोडताना मला हरणी म्हणा.