आचाऱ्याची हाक

बोटीवरच्या आचाऱ्याचा आवाज असा खणखणीत, की त्याच्या बहिऱ्या आईलाही तो सहज ऐकू यायचा. बाकीच्यांना ती "काय?" म्हणून बेजार करायची आणि कानाच्या यंत्राचं नाव काढलं की फणकारायची, "मी काय म्हातारी झालेय?"

एकदा दाट धुक्यात बोट खडकावर आदळून बुडाली. माणसं पाण्यात पांगली, कुणाला कुणी दिसेना. बोटीवरच्या छोट्या, उलटलेल्या होडीला धरून आचारी ओरडत राहिला, "इकडे या, माझ्या आवाजाकडे या!" पाण्यावर पसरलेलं डिझेल नाकातोंडात जात होतं, तरी तो थांबला नाही. त्या हाकेच्या रोखाने नऊ जण होडीपर्यंत पोचले आणि वाचले. त्याचा घसा मात्र आतून भाजला आणि आवाज कायमचा बसला.

घरी येऊन तो आईशी बोलला, तर तिला नुसते ओठ हलताना दिसले. दुसऱ्या दिवशी ती सुनेला घेऊन बाहेर पडली आणि कानात यंत्र घालूनच परतली.

"हं, बोल आता," तो जेवत होता, त्याच्या ताटासमोर बसत ती म्हणाली.

फाटका, घोगरा आवाज आला, "आई, भाजीत मीठ कमी आहे."

"मग घाल की! आचारी ना तू?" म्हणत तिने पदराने डोळे पुसले.

शेजारीण दारातूनच हळहळली, "बिचाऱ्याचा आवाज गेला हो!"

"हळू बोला, ऐकू येतं मला," आई ताठ मानेने म्हणाली. "आणि बिचारा कशाला? नऊ माणसं आपापल्या घरी पोचवून आलाय माझा लेक."