खिशातला आरसा

सरांच्या पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशात लांब दांड्याचा एक छोटा आरसा असतो. दाढेची मागची भिंत त्याच्याशिवाय दिसत नाही; मान कितीही वाकवा, दिसत नाही. माझ्या पलीकडे बसणाऱ्या मुलीचं काम तपासताना सर तो बाहेर काढतात, दिव्याखाली तिरका धरतात आणि टोकदार सळई भिंतीवरून हळूहळू फिरवतात. माझ्या टेबलाशी मात्र आरसा खिशातच राहतो. सर वरून बघतात, "छान" म्हणतात आणि हिरवा ठिपका चिकटवून पुढे जातात.

आम्ही प्लास्टिकच्या दाढांवर शिकतो. किडीच्या जागी त्यात तपकिरी, मऊ थर भरलेला असतो. तो सगळा कोरून काढायचा आणि चांगला भाग राखायचा. ठिपका मिळाला की काम पास.

बारावीला रसायनशास्त्रात मी काठावर सुटले होते. आमच्याकडच्या एकाही दंत महाविद्यालयाने मला दारात उभं केलं नसतं. मामाने कुठून तरी हे परदेशातलं कॉलेज शोधलं. "मार्क कमी आहेत तर असू देत," तो म्हणाला, "दात काय मार्कशीट बघून किडतात?" म्हणून पहिले ठिपके मिळाले तेव्हा मी हुरळून गेले. वाटलं, डोकं नसलं तरी हात आहे आपल्याला. तसं घरी कळवूनही टाकलं.

मग तो आरसा लक्षात आला, आणि त्यानंतर मला दुसरं काही दिसेना.

सर थकत असतील, असं आधी वाटलं. पण माझ्यानंतर लगेच त्या मुलीचं टेबल येतं आणि थकलेला माणूस एका पावलात ताजातवाना होत नाही. मग वाटलं, माझं काम खरंच चांगलं असेल. हे तपासून बघता येण्यासारखं होतं. पुढच्या दाढेत मी मागच्या कोपऱ्यातला तपकिरी थर मुद्दाम तसाच ठेवला. माझ्या आरशात तो स्पष्ट दिसत होता.

"छान," सर म्हणाले. हिरवा ठिपका.

त्याच दिवशी पलीकडच्या मुलीला तिची दाढ पुन्हा करायला सांगितली. माझ्याहून कितीतरी नीट कोरलेली होती ती. तिने नवी दाढ जबड्याच्या साच्यात आपटली.

"तुमचं बरं आहे. तुम्हाला लगेच सोडतात."

"तुम्हाला म्हणजे कोणाला?"

"बाहेरून आलेल्यांना." तिने खांदे उडवले. "तुम्ही काय, शिकून परत जाणार. मी इथेच राहणार. उद्या सरांच्या बायकोची दाढ माझ्याच हातात यायची!"

ती हसली. मीही हसले. पण हातातलं कोरायचं यंत्र मी खाली ठेवलं.

माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण आमच्याच भाषेतली, एक वर्ष पुढे. बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून सगळ्याजणी तिला टकळी म्हणतात. संध्याकाळी ती कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "पुढच्या वर्षी खरे पेशंट असतात ना? तू किती दाढा भरल्यास?"

"दाढा? अगं, मी नळी धरते. थुंकी ओढायची नळी. मूड असला तर दिवाही सरकवते."

"आणि कोरायचं काम?"

"ते इथली मुलं करतात. आपण बघून शिकायचं. डिग्री सगळ्यांना एकच मिळते, काळजी करू नकोस."

"म्हणजे आपल्याला नुसतं पुढे ढकलतायत."

"ढकलतायत तर जा ना पुढे! तुझ्या पोटात का दुखतंय? लोक पास व्हायला नवस बोलतात आणि ही बाई पास केलं म्हणून संशय घेते. आधी तुझ्या डोक्यातली कीड कोरून घे."

"घरी गेल्यावर पहिल्या पेशंटला काय करशील?"

टकळीने हातातला टॉवेल दोनदा पिळला. त्यात पाणी उरलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी आईचा फोन आला. बोलताना ती शब्द एका गालाने ढकलत होती.

"आई, दाढ दुखतेय ना अजून?"

"दुखते थोडी. मी डाव्या बाजूने चावते, काही अडत नाही."

"डॉक्टरकडे जा, आई. कीड थांबून राहत नाही."

"घरात डॉक्टर होतेय आणि परक्यापुढे तोंड उघडू? तू ये. तुझ्याच हातून करून घेणार."

मागून मामा ओरडला, "पहिली दाढ आईची, दुसरी माझी! मामाला फुकट हं!"

आई हसली आणि मध्येच 'स्स' करून थांबली. इथे मला न बघताच पास करतात, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण नापास हा शब्द आमच्या घरात माझ्यावरून किती वेळा कुजबुजला गेला होता, ते आठवलं. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. पुढचे कितीतरी रविवार मी एवढंच विचारत राहिले.

वर्षाच्या शेवटच्या दाढेत मी मुद्दाम काही सोडलं नाही. जीव ओतून कोरली. मग आरसा धरला. मागच्या कोपऱ्यात तपकिरी रंग होताच. पुसून पुन्हा बघितलं. होताच.

सर आले. वरून बघितलं. "छान. पुढच्या वर्षी क्लिनिकमध्ये भेटू." ठिपका त्यांच्या बोटावर तयार होता.

मी माझा आरसा त्यांच्यापुढे धरला. "सर, मागची भिंत बघा."

त्यांनी आरसा घेतला. पलीकडच्या मुलीचं यंत्र बंद झालं. सरांनी बराच वेळ बघितलं. इतका वेळ त्यांनी माझं काम कधीच बघितलं नव्हतं.

"थोडं राहिलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "चालतं. तू परत जाणार आहेस ना? तिकडे सराव होईल."

त्यांनी हे वाईटपणाने म्हटलं नाही. माझ्यावर उपकार केल्यासारखं म्हटलं.

"तिकडे पहिलं तोंड माझ्या आईचं आहे, सर," मी म्हणाले. ठिपका चिकटवायला पुढे आलेलं त्यांचं बोट थांबलं. "मला वर पाठवू नका. नापास करा. हे वर्ष मी पुन्हा करणार आहे."