दोनदा लुकलुक, पुन्हा दोनदा

आईच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डावर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि चिरंजीवांनी तिथल्या तिथे निकाल दिला, इंजिन गेलं. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण ती मोडीत काढायची घाई दांडगी. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला दारात हजर.

आईने जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. चिरंजीवांना गाडी शिकवली तीही तिनेच, याच गाडीवर. आता ती गुडघे गेलेल्या बहिणीला रोज व्यायामाला न्यायची. गाडी गेली की दोघी बहिणींनी लेकाच्या सवडीकडे डोळे लावून बसायचं, आणि ते तिला मरणाहून नकोसं होतं.

"आई, हट्ट सोड आता. वय झालं."

"कुणाचं? माझं की गाडीचं?"

"दोघींचंही."

"मग आधी तिला विचारते, काय दुखतंय ते."

भंगारवाला हसला. "काकू, इतक्या जुन्या गाडीला तपासायचं मशीन जोडता येत नाही."

"मशीन मागितलंय कुणी?"

तिने अंबाड्यातला आकडा उपसला, बॉनेट उघडलं, कडेच्या डबीचं झाकण काढून आकड्याची दोन टोकं दोन भोकांत खुपसली. मग आत बसून इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली. पिवळा दिवा लुकलुकला. दोनदा. थांबला. पुन्हा दोनदा. जरा दम खाऊन परत तेच.

"दोन आणि दोन, म्हणजे बावीस नंबरचा बिघाड," ती म्हणाली. "पाणी किती तापलंय ते सांगणारा सेन्सर. इंजिन ठणठणीत आहे."

आकडा काढून तिने पाइपामागे हात घातला. सेन्सरचा प्लग नुसता लोंबत होता. अंगठ्याने खटका दाबल्याशिवाय हा प्लग निघत नाही, आणि खटका तर धडधाकट होता. कधी चाकात हवासुद्धा न भरणारे चिरंजीव परवा "ऑइल बघतो" म्हणत बॉनेटमध्ये डोकं घालून बसले होते, ते तिला आठवलं. राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं.

तिने नुसतं लेकाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"मला भीती वाटते गं," तो हळूच म्हणाला. "तू एकटी रस्त्यावर असतेस."

"वाटते तर तोंडाने सांगायचं. माझ्या गाडीत हात घालायचा नाही."

तिने प्लग दाबून बसवला. इंजिन चालू केलं. दिवा क्षणभर लागला आणि विझला. भंगारवाल्याने गाडी ओढून न्यायला आणलेला दोर गुंडाळायला घेतला.

"दिवा गेला तरी कोड आत राहतो, काकू," तो जाता जाता म्हणाला. "फ्यूज काढून परत लावा, पुसला जाईल."

"मी काढतो," चिरंजीव लगबगीने पुढे झाले.

"हात लावू नकोस. राहू दे ते बावीस." तिने आकडा अंबाड्यात खोचला आणि सीट पुढे ओढली. "यायचं असेल तर मागे बस. पुढची सीट मावशीची आहे."