चुड्याच्या रंगाचा चहा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आमच्याकडे ते दुकानाच्या पाटीवरच हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. 'लोटन टी हाऊस, नरडाणा स्टेशन.' मग मी एकटीनं लपवून काय उपयोग? लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पाटीखाली चहा मी करते आणि गल्ल्यावर हे बसतात. शिंदखेड्यापासून धुळ्यापर्यंतची माणसं चहा पिऊन म्हणायची, "लोटनभाऊ, तुमना हातले चव शे." हे मान हलवायचे आणि मी आत स्टोव्हला पंप मारत असायची. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू?

एकोणनव्वद सालच्या चैत्रात गावातल्या बायकांची हिमाचलातल्या ज्वालामुखी-बैजनाथची यात्रा निघाली. मी नाव दिलं. हे म्हणाले, "आनि दुकान कोन देखी?" मी म्हटलं, "ज्यासना हातले चव शे, त्या देखतीन."

बाकीच्या बायका वाटेत देवळं पाहत होत्या, मी चहाची दुकानं पाहत होते. बस थांबली की मी उतरून आधी कुणाची भट्टी पेटली आहे ते बघायची. इंदूरला चहात वेलदोडा इतका की चहा मिठाईवाल्यानं केलाय असं वाटावं. मथुरेला तो मातीच्या कुल्हडात मिळाला; माती चांगली होती, चहाबद्दल बोलायला नको. अंबाल्याच्या ढाब्यावर तर दुधात चहा शोधावा लागला. माझ्या शेजारी बसलेली कमलबाई वैतागून म्हणाली, "भागाबाई, देवाच्या वाटेवर तरी नावं ठेवू नकोस." देवाला मी कधी नावं ठेवली? त्याच्या वाटेवरच्या चहाला ठेवली.

बैजनाथाचं दर्शन घेऊन परत फिरलो आणि पालमपूरच्या बाजारात बस जेवणासाठी थांबली. समोर डोंगरावर अजून बर्फ होतं आणि खाली उतरणीवर चहाचे मळे. चहा झाडाला लागतो हे मला ठाऊक होतं, पण झाड पाहिलं ते तिथं. बाजारात एक अरुंद दुकान होतं, फळ्यांवर पत्र्याचे डबे, आणि गोल टोपी घातलेला एक म्हातारा. त्यानं आम्हाला बसवलं, किटली निखाऱ्यावरून खाली उतरवली आणि आपल्या मुलीच्या सासरची हकिकत सांगत बसला. भारी बोलका बाबा, मी मनात म्हटलं. मग त्यानं पत्ती टाकली आणि थोड्या वेळानं पेल्यात जे ओतलं, ते पाहून मला वाटलं, हा किटली विसळून पाणी देतोय. ना दूध, ना रंग. फिकट हिरवं पाणी.

पहिला घोट घेतला आणि मी खालीच बघत राहिले. शेताच्या बांधावर बसून हरभऱ्याचा कोवळा घाटा सोलून खावा, तसा तो वास होता. माझे डोळे भरून आले. सगळा जन्म चहाच्या धुरात काढला आणि चहाचं पान स्वतः कसं लागतं हेच मला माहीत नव्हतं. दूध, साखर आणि आल्याच्या खाली ते बिचारं दबून गेलेलं. म्हाताऱ्यानं त्याच्या हिंदीत सांगितलं, की थंडी सरल्यावर फुटलेली ही पहिली पालवी, याच आठवड्यात खुडलेली. हा वास पत्ती ताजी आहे तोवरच. पाऊस लागला की नुसता पाला उरतो. कमलबाईनं जेवढ्या पैशांत प्रसाद घेतला, तेवढ्यात मी एक डबा पत्ती घेतली.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दुकानात तो चहा टाकला. पण हात आमच्या दुकानाचा. आमच्याकडे रंग आल्याशिवाय चहा उतरवत नाहीत, आणि याला रंगच येईना. मी उकळी वाढवली, पत्ती वाढवली, पुन्हा उकळी वाढवली. बाकावर सुकदेव गुरुजी होते. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि अगदी काळजीनं विचारलं, "भागाबाई, कोनले ताप येल शे?"

सगळं दुकान हसलं. हे हसले नाहीत, त्यांनी वेगळंच काढलं. "एक तं कडू, वर दूध नही. कोरा चहा पाजस गिऱ्हाइकले?" आणि ते चूक नव्हते. आमच्या भागात कोरा चहा एकाच घरी पितात, जिथं कुणी गेलं आहे. त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे किटलीतून कोरा चहा आणून देतात. एरवी कुणाच्या हातात बिनदुधाचा पेला दिला, तर तो उठून जाईल. मी हट्टाला पेटलेली बघून यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्या दिन कोनी दुसरा ग्लास मांगी, त्या दिन मी मानसू. नहीतं पाऊस पडना का डबा धुईसन इलायची भर."

मला रात्रंदिवस तोच डबा दिसायला लागला. त्या दुकानात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. बाकी सगळं पाटीच्या मालकाचं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना मी पालमपूरच्या म्हाताऱ्याला आठवून बघायची. त्यानं काय घातलं ते आठवायचं, काय केलं ते आठवायचं, आणि एकदा लख्ख उमगलं. त्यानं किटली उतरवली आणि मुलीच्या सासरची हकिकत सांगितली. ती हकिकतच तर खरी कृती होती. पाण्याचा तेवढा ताव उतरू द्यायचा होता! माझ्याकडे सांगायला हकिकत नव्हती, म्हणून मी पाणी उतरवून मनात एक आरती म्हणायला लागले. आरती संपली की पत्ती, आणि दुसरी आरती संपायच्या आत गाळायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हरभऱ्याचा वास परत आला. मी एकटीनं भिंतीला टेकून तो चहा प्यायले आणि एकटीच हसले. पण पिणारं दुसरं कोण होतं? गुरुजी लांबूनच हात जोडायचे. वैशाख लागला. डबा उघडला की वास थोडा कमी झाल्यासारखा वाटायचा आणि मी घाईनं झाकण लावून टाकायची.

मग ते वऱ्हाड आलं. शिंदखेड्याकडच्या एका गावातलं लग्न लावून, नवरी घेऊन अमळनेरकडे निघालेलं. गाडी चुकेल या धास्तीनं ते वेळेच्या कितीतरी आधी स्टेशनवर येऊन पडलं. उन्हानं फलाटावर पाय ठेववत नव्हता, म्हणून सगळे आमच्या दुकानापुढच्या कडुलिंबाखाली बसले. नवरदेवाची आत्या भिकुबाई म्हणजे त्या वऱ्हाडाची कारभारीण. नाकात नथ, आवाज खणखणीत. तिनं तिथूनच अख्ख्या वऱ्हाडासाठी हुकूम सोडला, "बठ्ठासले चहा टाक रे भो."

यांनी खुशीत मोठं पातेलं चढवलं आणि दूध फाटलं. वैशाखातलं दूध, सकाळपासून उन्हाच्या झळीत राहिलेलं. भर दुपारी नरडाण्यात दुसरं दूध मिळणार नव्हतं. वऱ्हाड दारात येऊन बिनचहाचं गेलं, ही गोष्ट अमळनेरपर्यंत पोचली असती. यांचा चेहरा उतरला. मी फळीवरचा डबा काढला.

"येडी व्हयनी का?" हे दबक्या आवाजात म्हणाले. "नवी नवरी शे संगे. कोरा चहा दिधा तं हाई बाई दुकान उलटं करी."

"करू द्या," मी म्हटलं आणि पाणी ठेवलं. पाण्याला उकळी आल्यावर उतरवलं आणि आरती सुरू केली. बाहेरून भिकुबाईनं हाक मारली. पुन्हा मारली. पोरं रडत होती, बापे करवादत होते आणि माझा जुना हात पत्तीकडे धावत होता. मी तो पदरात धरून ठेवला. देवाची एक ओळ चुकवली नाही. मग पत्ती टाकली, वेळेत गाळलं आणि साखर मात्र घातली. वऱ्हाडाला बिनसाखरेचा चहा देण्याइतकी मी खुळी नाही.

काचेचे ग्लास फिरले आणि लिंबाखालचा गलका थांबला. भिकुबाईनं ग्लास डोळ्यांपुढे धरला. "हाऊ काय? कोरा चहा? आमना घर कोनी मरेल शे का?"

सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. हे गल्ल्यामागे उभेच होते. भीती मलाही वाटली, पण भीतीपेक्षा राग मोठा निघाला. गाळणीतली उमललेली पानं मी चिमटीनं एका ग्लासात सोडली आणि सरळ नवरीजवळ जाऊन बसले. तिचा हात हातात घेऊन ग्लास तिच्या बांगड्यांना लावून धरला.

"आत्याबाई, कोरा चहा काळा ऱ्हास," मी म्हटलं. "हाऊ देखा. चुडाना रंगना शे. ज्वालामुखी मातानी वाटवरथून आनेल शे, चैत्रनी पहिली पालवी. हिरवा चुडा चालस, हिरवा शालू चालस, मंग हिरवा चहा नव्या नवरीले नही देवाना तं कोनले देवाना?"

भिकुबाई एकदा चुड्याकडे, एकदा ग्लासाकडे बघत होती. तेवढ्यात नवरीनंच माझ्या हातातून ग्लास घेतला. सकाळपासून त्या पोरीच्या पोटात पाण्याचा थेंब नसावा. तिनं एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि पहिल्यांदा मान वर केली. "आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "हरभराना घाटाना वास येस."

आता नव्या सुनेनं प्यायल्यावर आत्या मागे कशी राहील? भिकुबाईनं तोंड वाकडं करूनच ग्लास लावला. मग तोंड सरळ झालं. घोट घोट करत तळापर्यंत गेली, पदरानं ओठ पुसले आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

"आखो शे का?"

मी तिच्याकडे पाहिलंच नाही, यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली होती, पण मिशीतलं हसू काही लपत नव्हतं. मला इतका आनंद झाला, की किटली घ्यायला उठताना फुगडी घालावीशी वाटली. सगळं वऱ्हाड प्यायलं, निम्म्यांनी दुसऱ्यांदा मागितला. गाडी आली तेव्हा भिकुबाई खिडकीतून ओरडून सांगत होती, "पुढला साल मना धाकलानं लगीन शे. हाऊच चहा पाहिजे."

गाडी गेल्यावर डब्यात दोन ग्लासांपुरती पत्ती उरली होती. मी पाणी उतरवलं, आरती म्हटली, एक ग्लास यांना दिला. इतक्या दिवसांत यांनी तो जमलेला चहा चाखलासुद्धा नव्हता. ते बाकावर बसून सावकाश प्यायले आणि ग्लास पुढे केला.

"आखो दे."

"संपना," मी माझा ग्लास तोंडाला लावून म्हटलं. "आते चैत्रमा."

त्यांनी उठून डब्यात स्वतः डोकावून पाहिलं, मगच विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी झिपरू पेंटर शिडी घेऊन आला. 'चैत्राचा हिरवा चहा' लिहायचं, खाली भागाबाईचं नाव, असं यांनी त्याला सांगितलं. पाटीवर कुठं लिहू, त्यानं विचारलं. हे म्हणाले, "मना नावना वर."

पुढच्या चैत्रात आम्ही दोघं पालमपूरला गेलो आणि वाटेतल्या प्रत्येक चहाला यांनीच नावं ठेवली. आता लग्नाच्या दिवसांत वऱ्हाडं नरडाण्याला मुद्दाम थांबतात, नवरीच्या हातात पहिला ग्लास देतात. पिऊन झालं की म्हणतात, "भागाबाई, तुमना हातले चव शे." हे गल्ल्यावर बसून मान हलवतात. ती सवय काही गेली नाही.