बंद करून चार्जिंग

जयवंत परब वरळीच्या एका ऑफिस इमारतीत गेटवर सिक्युरिटीला होता. ड्युटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. दर दोन तासांनी गेटपाशी उभं राहून अ‍ॅपवर स्वतःचा फोटो टाकायचा, नाहीतर गैरहजेरी लागायची.

त्या मंगळवारी तो कामावर पोचला तेव्हा मोबाइलमध्ये बावीस टक्के होते. रात्री फोनने आपणहून अपडेट घेतलं होतं आणि तेव्हापासून चार्जर लावला की एकच वाक्य यायचं: पोर्टमध्ये ओलावा आहे, वायर काढा. ओलावा कसला? त्याने फुंकर मारली, काडीला कापूस गुंडाळून आत फिरवला, रिसेप्शनवरचा चार्जर आणून बघितला. फोन दोनदा बंद-चालू केला. काही उपयोग नाही.

हाउसकीपिंगची लक्ष्मी लादी पुसत होती. ती म्हणाली, ''माझ्या बहिणीचा असाच झालेला. पूर्ण बंद करा आणि मग लावा.''

बंद फोन खरंच चार्ज व्हायला लागला. पण बंद फोनवर हजेरी कशी लावणार?

आणि आज त्याच्या आईची, कमळाबाईंची, पोटाची सोनोग्राफी होती. बायको सीमा त्यांना घेऊन लालबागहून परळच्या हॉस्पिटलात गेली होती. नोंदणी जयवंतच्या नंबरवर, म्हणजे खिडकीवर नंबर आला की ओटीपी त्याच्याकडे येणार. मागच्या वेळी बाराच्या आत नंबर लागला नव्हता. त्याने हिशेब केला. नऊचा फोटो टाकून फोन बंद करायचा, अकराला उघडायचा.

अकराला फोन उघडला तर नऊ मिस कॉलचे मेसेज. त्याने घाईघाईने फोन लावला.

''अहो, किती वेळा केला!''

''बंद होता गं.''

''तेच ती फोनमधली बाई सांगत होती. आज गर्दीच नव्हती, दहालाच नंबर आला. आता गुरुवारी या म्हणाले.''

''मी बोलतो त्यांच्याशी. दे फोन.''

''मी बोलले सगळं. नको आता. आईंना चहा-बिस्कीट देते. रात्रीपासून उपाशी आहेत.''

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने अकराचा फोटो काढला. फोटोतला चेहरा बघवेना, तरी टाकला.

संध्याकाळी लालबागच्या मोबाइलवाल्याने टॉर्च मारून पाहिलं. ''आत पाणीबिणी काही नाही. अपडेटनंतरचे असे चार आलेत माझ्याकडे. पुढचं अपडेट येईपर्यंत बंद करूनच चार्ज करा.''

घरी गेला तेव्हा कमळाबाई डाळ निवडत बसल्या होत्या. त्याने चपला काढल्या आणि तसाच भिंतीला टेकला.

''आई, चुकलं माझं.''

''माका काय झाला? गुरवारी जावया,'' त्या म्हणाल्या. ''तू आधी जेव.''

गुरुवारी त्याने रजा टाकली. खिडकीवर म्हणाला, ''मॅडम, नोंदणीचा नंबर बदला. बायकोचा घाला.''

''बदलायला जुन्या नंबरवर ओटीपी येईल.''

सीमाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने फोन पुढे धरला. एकतीस टक्के होते. तिघंही पडद्याकडे बघत राहिले. ओटीपी यायला मिनिटभर लागलं असेल. नंबर बदलला आणि तासाभराने कमळाबाईंना आत बोलावलं. सोबत सीमा गेली.

जयवंत बाहेर बाकावर बसला. आता त्याला कुणाचा फोन येणार नव्हता. त्याने मोबाइल बंद केला, खिशात ठेवला आणि बसल्या जागीच त्याचा डोळा लागला.

सीमाने खांदा हलवून उठवलं. ''मुतखडा आहे. पण छोटा आहे, औषधाने पडेल म्हणाले.''

''आई कुठेय?''

''कॅन्टीनमध्ये. वडा मागवलाय त्यांनी. तुम्हीपण चला.''