मुठीतलं मीठ

आमच्या पैलवानाला दिवसातून चार वेळा खायला मिळतं आणि चारही वेळा नाथाजीच्या हातून. मला हे बघवत नव्हतं, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला भला माणूस समजायला नको.

पैलवान म्हणजे आमचा कुत्रा, मेंढरांमागचा. नऊ वर्षांपूर्वी मी त्याला घोंगड्यात गुंडाळून आणला आणि कापसाच्या बोळ्यानं मेंढीचं दूध पाजून वाढवला. आटपाडीच्या पलीकडं आमचा माळ आहे, तिथं त्यानं दोनदा लांडगा परतवलाय. नाथाजी माझा धाकटा भाऊ. तो तेव्हा फौजेत होता. सुट्टीवर आला की पैलवान त्याच्यावर भुंकायचा, आणि मी मुद्दाम त्याला उशिरा गप्प करायचो.

गेल्या दिवाळीनंतर पैलवान खोकायला लागला. आधी वाटलं, घशात हाडूक अडकलं असेल. मग तो मेंढरांमागं चालता चालता खाली बसायला लागला आणि एक दिवस तलावाच्या बांधावर आडवाच झाला. जीभ निळी पडली होती. खांद्यावर टाकून मी त्याला घरी आणला. नाथाजी नुकताच रिटायर होऊन आला होता. त्याची बायको आणि मुलगी साताऱ्यात, मुलीच्या कॉलेजसाठी; हा शेताकडं बघायला म्हणून सुगीपर्यंत गावी राहिलेला. त्यानं काही न विचारता व्हॅन काढली आणि आम्ही सांगली गाठली.

तिथल्या जनावरांच्या डॉक्टर, फिरदोस मॅडम. त्यांनी पैलवानाच्या छातीवरचे केस भादरून मशीन लावलं. "हृदय मोठं झालंय आणि भिंती पातळ पडल्यात," त्या म्हणाल्या. "रक्त नीट पुढं ढकललं जात नाही, म्हणून फुप्फुसात पाणी साचतंय. याला खायला काय घालता?"

"जोंधळ्याची भाकरी आन ताक. आमी खातो त्येच," मी जरा ताठ्यातच सांगितलं.

"नऊ वर्षं तेवढंच?"

"कवातरी हाडूक."

"त्यानंच झालं असं मी म्हणत नाही. पण हृदयाला टॉरिन लागतं. ते मांसात असतं, भाकरीत नसतं." त्यांनी चिठ्ठी लिहिली: गोळ्या, टॉरिनची पावडर, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. "पावडर आणि तेल गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांऐवजी नाही. अंडं चालेल, उकडलेलं चिकन चालेल. मीठ अजिबात नको. मिठानं अंगात पाणी धरतं."

मी ते सगळं ऐकलं. डोक्यात मात्र भाकरीच फिरत होती. ज्या भाकरीवर मी त्याला वाढवला, तिच्यात काही नव्हतं, आणि हे नाथाजीसमोर सांगितलं गेलं होतं.

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला काम मिळालं की काय होतं ते मग मी रोज बघितलं. सकाळी सहाला गोळी. सातला उकडलेल्या अंड्यात पावडर. दुपारी बिनमिठाचं चिकन, त्यावर कॅप्सूल सुईनं टोचून पिळलेलं तेल. संध्याकाळी पुन्हा गोळी. पैलवान झोपला की हा घड्याळ हातात घेऊन त्याचे श्वास मोजायचा आणि वहीत लिहायचा. "टाइम म्हंजे टाइम, दादा," असं मला वर ऐकवायचा. मी कधी मेंढरं उशिरा सोडली होती काय?

दोन महिन्यांत पैलवान सावरला. खोकला गेला, केसांना चकाकी आली. माणसं वाट वाकडी करून बघायला यायची आणि म्हणायची, नाथाजीनं कुत्रं मरणाच्या दारातनं आणलं. खांद्यावर टाकून मैलभर कुणी आणलं, ते कुणी विचारलं नाही.

पूर्वी मी मेंढरं घेऊन परतलो की पैलवान बरोबर असायचा, नाहीतर ओढ्यापर्यंत सामोरा यायचा. आता तो नाथाजीच्या बाजेखालून नुसती शेपूट हलवायचा. तीही दोनदा. मी मोजली होती.

"आवं, माझ्यापायी कवा एवढं जळला न्हाई तुमी," माझी बायको रंगूबाई म्हणाली.

"तू कुठं कुणाच्या बाजंखाली जाऊन बसलीस?" मी म्हणालो. ती हसत सुटली. मला हसू आलं नाही.

सुगी संपत आली तसा एक दिवस नाथाजी जेवता जेवता म्हणाला, "दादा, पुढच्या महिन्यात साताऱ्याला जातो. पैलवानाला पण नेतो म्हणतो. तितं दवाखाना जवळ हाय. हितं त्याला एकाएकी दम लागला तर सांगली लय लांब."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं. "बघू," एवढंच मी म्हणालो.

आता मिठाचं सांगतो. मेंढरांना आम्ही दर रविवारी खडेमीठ चारतो. विकत आणलेलं मेंढरू नव्या कळपात रमत नाही, जुन्या मालकाकडं पळतं. त्याला सात दिवस एकाच माणसानं तळहातावरून मीठ चाटवायचं. हात बदलायचा नाही. आठव्या दिवशी ते त्या माणसामागं आपोआप चालतं. वडिलांनी हे मला शिकवलं. नाथाजीला शिकवलं नाही. तो शाळेत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडली आणि पैलवानाला मागच्या बाजूला बोलावलं. भाकरीच्या कुटक्याला खडेमीठ चोळून तळहातावर धरलं. तीन महिने अळणी खाल्लेला जीव तो. कुटका गेलाच, वर माझ्या बोटांच्या बेचक्याही त्यानं चाटून काढल्या. डॉक्टरीणबाईचं बोलणं मला आठवत होतं. चिमटीभर मिठानं काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. चार दिवसांनी चिमटीची मूठ झाली. तेव्हाही मी स्वतःला काहीतरी सांगितलं असेल.

आठव्या दिवशी मी परतलो तेव्हा पैलवान ओढ्याच्या अलीकडं उभा होता. माझ्या मांड्यांवर पाय टेकून त्यानं हात हुंगले. मागं नाथाजी ताटली घेऊन वाट बघत होता आणि पैलवान त्याच्याकडं वळूनही बघत नव्हता. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढचा आठवडाभर पैलवान माझा होता. त्यानंतर तो घमेलंभर पाणी प्यायला लागला. पोट सुटलं. मेंढरांचा आवाज आला की उठायचा, चार पावलं टाकायचा आणि खोकत उभा राहायचा. तरीही यायचा. मीठही खायचा.

नाथाजी सैरभैर झाला. आधी पावडरीवर संशय घेतला, नवा डबा आणला. मग अंडी बदलली. मग कॅप्सूल उन्हात राहिल्या असतील म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. "माझंच काय तरी चुकतंय दादा," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी मेंढरांकडं बघत राहिलो. आधी मला थोडं बरं वाटलं. मग इतकी लाज वाटली की तिथून उठून गेलो.

पुन्हा सांगली. फिरदोस मॅडमनी पोट दाबून बघितलं, मशीन लावलं. "खारट काही जातंय का पोटात?"

"मॅडम, मिठाचा खडासुद्धा न्हाई," नाथाजी म्हणाला. "सगळं लिव्हलंय." त्यानं वही पुढं केली.

"मग अवघड आहे. सगळं वेळेवर चालू असून इतकं बिघडलं, म्हणजे हृदयानंच हात टेकले असं धरायला लागेल. आता नुसता त्रास कमी होईल एवढंच बघायचं."

त्या पानं उलटत होत्या. मध्येच थांबल्या आणि मोठ्यानं वाचलं, "'संध्याकाळी दादाकडे गेला. माझ्याजवळ बसला नाही.' दुसऱ्या दिवशीही तेच. रोजच आहे की हे. हे कशासाठी लिहिलंय?"

नाथाजी कानापर्यंत लाल झाला. "तसं काय न्हाई. असंच."

मी भावाकडं बघितलं. पन्नाशीचा माणूस, कुत्रं आपल्याजवळ बसलं नाही म्हणून रोज वहीत लिहीत होता. म्हणजे तोही जळत होता. फक्त त्यानं वही घेतली आणि मी मीठ घेतलं.

टेबलावर पडल्या पडल्या पैलवानानं मान लांबवली आणि माझा तळहात चाटायला लागला.

"मी चारतोय मीठ," मी म्हणालो. "वीस-बावीस दिवस झालं. रोज."

मॅडमनी आधी लिहिलेला कागद फाडून दुसरा घेतला. पाणी उतरायची गोळी वाढवली, बाकी पावडर-तेल तसंच ठेवलं. "आजपासून मीठ बंद झालं, तर पाणी उतरेल असं वाटतं. हृदय पहिल्यासारखं होणार नाही. पण दिवस मिळतील."

परतताना विट्यात चहाला थांबलो. पैलवान मागच्या सीटवर झोपला होता.

"का रं दादा?"

"साताऱ्याला नेतो म्हणालास."

"मग नगो म्हणायचं हुतंस की."

"कसं म्हणू? तुझं खरं हुतं."

त्यानं चहा संपवला. पुन्हा व्हॅनमध्ये बसलो.

त्यानंतर मेंढरं कोंडली की मी आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचो. पैलवान यायचा, तळहात चाटायचा, साबणाच्या वासानं नाक फेंदारायचा आणि माझ्या तोंडाकडं बघायचा. सहा दिवस आला. सातव्या दिवशी आला नाही. पोट उतरलं होतं, खोकला थांबला होता. नाथाजीनं वहीत काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

"घिऊन जा त्याला," मीच म्हणालो. नाथाजीनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं.

ते निघाले तो नेमका रविवार होता, निरोपाला गावातली माणसंही जमली होती. मी मेंढरांना मीठ चारत होतो. व्हॅनचं दार उघडं होतं, नाथाजी पावडरीचा डबा आणि कॅप्सूल पिशवीत भरत होता. पैलवानानं पुढचे दोन पाय व्हॅनमध्ये टाकले आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. मिठाचा वास त्याला लागला होता.

"दादा, एकदा हाक मार की त्याला," नाथाजी म्हणाला.

मी मेंढरांना बाजूला सारलं आणि मूठ घट्ट मिटून पाठीमागं धरली. मूठ उघडली असती तर तो पाय खाली टाकून माझ्याकडं पळत आला असता. नाथाजीसमोर, गावासमोर. मला ते पक्कं माहीत होतं, आणि त्याला आता पळणं झेपत नाही हेही.

दार लागलं, व्हॅन ओढा उतरून पलीकडं गेली. नाथाजीचा हेवा मला अजूनही वाटत होता. मेंढरं माझी मूठ उघडायला नाकं खुपसत होती. व्हॅन दिसेनाशी होईपर्यंत मी ती उघडली नाही.