फितीखालचं बोट

बाबांचा चष्मा फुटला नसता, तर त्या सकाळी फीत थोरलीच्या हातात आलीच नसती.

घरात तिला थोरली म्हणत. धाकटं कोणी कधी झालंच नाही, पण बाबांनी ती जन्मली त्याच दिवशी हे नाव लावून टाकलं होतं. शिंपी माणूस, कापड आधीच चार बोटं जास्त धरणार. आता घरात दोघंच उरली होती. आईला जाऊन नऊ महिने झाले होते. तिचं हृदय कमजोर होतं, आणि वर्षभरापासून बाबांचंही. बाबा म्हणत, "चाळीस वर्षं सगळं वाटून घेतलं, दुखणं तेवढं तिला एकटीला कशाला?"

दवाखान्यातल्या सिस्टरनी नेम घालून दिला होता. रोज सकाळी वजन करायचं आणि आठवड्यातून एकदा दंडाचं माप घ्यायचं. नुसतं वजन फसवतं. हृदय कमजोर असलं की अंगात पाणी साठतं, आतून चरबी आणि मांस झिजत असलं तरी काटा जागचा हलत नाही.

थोरलीला हे वेगळं सांगायला नको होतं. आजार कळल्यावर आईचं तेल, गोड आणि दुसऱ्यांदा वाढून घेणं तिनेच बंद केलं होतं. सहा महिन्यांत सात किलो उतरले, तेव्हा शेजारीपाजारी सांगून आली होती. पुढे वजन एका जागी थांबलं, तेव्हा तिला हायसंच वाटलं. बाबांनी आईच्या बाह्या तीनदा आत घेतल्या, पण कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि तेही शिंप्याच्या घरात.

बाबांचं माप बाबाच घेत. डाव्या दंडाला फीत लावून आकडा सांगत, ती वहीत उतरवून घेई. साडेअकरा इंच. अकरा आठवडे तोच आकडा, एकाखाली एक.

त्या सकाळी मात्र फीत तिने लावली. साडेदहा. तिने फीत सोडली, पुन्हा लावली. साडेदहाच. वजन तर कालच्याइतकंच होतं.

"किती?" बाबांनी विचारलं.

"साडेअकरा."

"फीत आवळलीस जरा."

"तुमचं आपलं काहीतरीच."

"अगं, जन्म गेला फितीत. कातडीला कळतं."

तिने वही पिशवीत टाकली. "चष्मा करायला टाकू आणि जाता जाता दवाखान्यातही डोकावून येऊ," म्हणाली. बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं, पण चपला घातल्या.

सिस्टरच्या खोलीत एक टेबल, एक काटा आणि भिंतीवर हृदयाचं रंग उडालेलं चित्र. थोरलीने वही पुढे केली. वही दवाखान्यात पहिल्यांदाच आली होती, आजवर सिस्टर फक्त तोंडी विचारत, "माप घेता ना?" बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून थोरली हळू बोलली, "दंड आठवड्यात इंचभर उतरलाय."

"मी हृदयाचा पेशंट आहे, कानाचा नाही," बाबा म्हणाले.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी कातडी मोजायचा चिमटा काढला. दंडाच्या मागे, पुढे, पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली आणि कमरेच्या वर, चार ठिकाणी कातडी चिमटीत धरून जाडी मोजली.

"गिऱ्हाइकांना असे चिमटे काढले असते, तर दुकान पहिल्याच वर्षी बसलं असतं."

"काका, गप्प बसा. आकडा चुकतो."

थोरली टेबलाची कड धरून उभी होती. सिस्टरनी जुना कागद काढला, शेजारी नवा ठेवला, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला.

"सूज नाही. चरबी मागच्यापेक्षा किंचित जास्तच भरली." मग त्यांनी आपली फीत लावली. "आणि दंड साडेदहा. तीन महिन्यांपूर्वीही साडेदहाच होता. हे साडेअकरा आणलंत कुठून? काका, जरा घरच्यासारखं मोजून दाखवा."

बाबांनी फीत घेतली, ऐटीत दंडाभोवती फिरवली आणि फितीखाली आपलं बोट सरकवलं.

"बोट काढा!"

"बोट काढून माप घेतलं तर बाही शिवणार कशी? माणसाने हात वर केला की उसवली."

आता मात्र सिस्टर पदर तोंडाला लावून हसल्या. थोरलीलाही हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले, तेव्हा तिने तोंड चित्राकडे फिरवलं.

बाबा बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर तिने विचारलं, "सिस्टर, आईला मीच वाळवलं का हो?"

सिस्टरनी चिमटा पुसून डबीत ठेवला. "या आजारात अंगावर थोडी चरबी असलेली माणसं जास्त जगताना दिसतात, हे खरं. पण चरबी गेली म्हणून माणूस गेला, की माणूस आतून खचत होता म्हणून चरबी गेली, हे मोठमोठ्या डॉक्टरांनाही नीट सुटलेलं नाही. 'नाही' म्हणून तुमचं समाधान करू शकते, पण खरं मला ठाऊक नाही. तुम्ही ऐकलंत ते केलंत. आता नवीन ऐकताय, तर ते करा. काकांना पोटभर जेवू घाला, फक्त मीठ हात आखडून."

थोरलीने मान हलवली. तिला नको असलेलं उत्तर मिळालं नव्हतं आणि हवं असलेलंही नाही. तरी पाय हलके पडत होते.

बाहेर बाबांनी तिचा दंड चिमटीत धरला. "खोटारडे! मला साडेअकरा सांगतेस? आणि स्वतःची बाही बघ, वाऱ्यावर उडतेय."

घरी आल्यावर त्यांनी जुनी मापवही काढली. थोरलीचं पान आईच्या पानाला लागूनच होतं. आईच्या पानावर त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी फीत लावली, तिलाच आकडा वाचायला सांगितला. दहा. गेल्या वर्षी अकरा होता.

"बोटासकट?" तिने विचारलं.

"बोटासकट. दवाखान्याचं माप आहे तेवढं सांगतं. शिवणाराने जागा ठेवायची असते."

जेवताना तिने बाबांना दुसऱ्यांदा वाढलं. ते ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "आधी तू."

तिने पातेलं आपल्याकडे ओढलं.